मंजूचा घसा आणि पेडणेकरांची लॉगशीट

पेडणेकरांना कुठूनही नुसतं निघून जाता येत नसे. त्यांना चार्ज द्यावा लागे.

वाशीच्या बसस्टॉपवर गच्च भरलेली बस आली आणि त्यांना एकट्यालाच दारात पाय ठेवायला जागा मिळाली, की ते मागच्या माणसाकडे वळून सांगत, "रांगेत अकरा माणसं. त्या बाई सावलीत बसल्यात, त्यांचा नंबर चौथा. मागची बस वीस मिनिटं लेट होती. चार्ज घेतला?" तो माणूस बिचारा ठाण्याला मेहुण्याकडे निघालेला असे. तो "अं?" म्हणे. पेडणेकरांना "अं" चालत नसे. "घेतला म्हणा," असं ते पायरीवर लटकत लटकत बजावत. आतून कंडक्टर ओरडत असे. शेवटी तो माणूस घाबरून "घेतला" म्हणे आणि मगच बस हले. आमच्या सोसायटीतल्या सत्यनारायणाला तीर्थप्रसाद घेऊन निघताना त्यांनी मला दारात गाठून सांगितलं होतं, "शिरा मुबलक आहे. तीर्थ संपत आलंय. गुरुजींचा डावा गुडघा धरलाय, उठताना हात द्या. चार्ज घेतला?"

मी घेतला. नवीन शहरात राहायला आलं की माणूस काहीही घेतो.

याचं कारण पुढे कळलं. पेडणेकरांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात पाळीप्रमुख म्हणून जन्म काढला होता. तिथे पाळी संपली म्हणून कोणी घरी जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहायचा. त्याला सगळं सांगायचं, त्याची सही घ्यायची आणि मग हात धुवायचे. मधल्या वेळात दर तासाला यंत्रांवरचे काटे वाचून लॉगशीटमध्ये आकडे भरायचे. पेडणेकर निवृत्त झाले, पण काटे वाचायची सवय काही निवृत्त झाली नाही. ते आता सोसायटीच्या टाकीत बांबू घालून पाणी मोजत. "पाणी आहे का हो?" असं कोणी विचारलं की म्हणत, "अंदाज नको. रीडिंग सांगतो." त्यांची बायको आधीच गेलेली होती. मुलगा नागपूरला नोकरीला होता. त्यामुळे रीडिंग ऐकायला घरात कोणी नव्हतं आणि ते सगळं आमच्या वाट्याला येई.

मला अशा माणसांची धास्ती वाटते. ज्याच्या खिशाला दोन पेनं असतात तो दुसऱ्याला शिस्त लावायला निघालेला असतो, असा माझा अनुभव आहे. पेडणेकरांच्या खिशाला तीन होती.

त्या मे महिन्यात आमच्या मंजूचे टॉन्सिल काढले. ती सात वर्षांची होती. त्याआधीची दोन वर्षं दर महिन्याला ताप आणि दर महिन्याला इंजेक्शन असं चाललं होतं. त्या दोन वर्षांत आम्ही तिला आइस्क्रीम दिलं नाही, बर्फाचा गोळा दिला नाही, माठातलं पाणीसुद्धा अर्धं कोमट करून दिलं. या बंदोबस्ताची प्रमुख माझी आई होती. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर आम्हाला म्हणाले, "आता हिला आइस्क्रीम द्या. थंड दूध द्या. बर्फ चोखू दे."

आईने रिक्षात बसून पदर सावरला. मग म्हणाली, "ज्यानं दुखणं आलं तेच औषध? मग कापलं कशाला?"

खरं सांगायचं तर याचं उत्तर मला आजही नीट देता येणार नाही.

घरी आल्यावर गोंधळ वाढला. डॉक्टरांच्या चिठ्ठीत दुखण्याच्या सिरपपुढे लिहिलं होतं, "सहा तासांनी, जरुरीप्रमाणे." आता ही जरुरी ठरवायची कोणी? आईचं म्हणणं, औषध उष्ण पडतं, पोर रडली तरच द्यावं. सुधाचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं, मंजू रडत नाही त्याअर्थी दुखत नसणार. मंजू रडत नव्हती हे खरं होतं. रडलं की घसा दुखतो म्हणून रडत नव्हती, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही. त्यात डॉक्टर म्हणाले होते, "फार ओरडू देऊ नका." रिक्षा पुलाखालून वळेपर्यंत त्याचं "बोलू देऊ नका" झालं आणि घरी पोचेपर्यंत आईने पोरीला मौन लावलं. मंजूच्या हातात पाटी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, "सिरप दिलं का?"

सुधा म्हणाली, "मला वाटलं आईंनी दिलं."

आई म्हणाली, "झोपली होती ती. झोपेत कशाला दुखेल?"

मंजू जागी झाली ती घशाला हात लावूनच. चमचा तोंडाजवळ नेला तर तिने तोंड फिरवलं आणि पाटीवर लिहिलं, "नको." दुधालाही "नको" आणि आइस्क्रीमलाही "नको." दोन वर्षं जिच्यापासून आइस्क्रीम लपवलं तिच्यापुढे ते वितळत होतं आणि ती भिंतीकडे बघत होती.

अशा वेळी पेडणेकर समाचाराला आले. लोक मोसंबी आणतात, ते पॅड घेऊन आले होते.

"रीडिंग काय?"

"कसलं?"

"प्यायली किती?"

"थोडं थोडं घेते," मी म्हणालो.

"थोडं म्हणजे काय? अंदाज नको, मराठे. आणि औषध?"

मी "जरुरीप्रमाणे" वाचून दाखवलं. पेडणेकरांनी चष्मा काढला. "म्हणजे दुखायला लागल्यावर देताय? बॉयलरचं प्रेशर पार चढल्यावर कोळसा कमी करणारा माणूस मी एकदाच पाहिला. दुसऱ्यांदा बघायला तो कामावर राहिला नाही. औषध घड्याळ बघून द्यायचं. दुखो न दुखो."

त्यांचं ऐकायची माझी इच्छा नव्हती. पण ते स्वतःच दवाखान्यात गेले, डॉक्टरांना गाठलं आणि तासाभरात परत आले. डॉक्टरांनी कबूल केलं होतं, की "जरुरीप्रमाणे" हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. पहिले आठ-दहा दिवस औषध वेळेवरच द्यायचं. बोलायलाही हरकत नव्हती, पण आईने तेवढं न ऐकल्यासारखं केलं. बाकीचं पेडणेकर कागदावर उतरवून घेऊन आले होते. "पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणं वाढतं. खपली सुटते. तेव्हा पोटात पाणी जायलाच पाहिजे. नाहीतर घसा सुकतो, सुकला की जास्त दुखतो, दुखलं की पीत नाही. रक्त दिसलं तर कोणाला विचारत बसायचं नाही, उचलून न्यायचं. चार्ज घेतला?"

"घेतला," मी म्हणालो. या वेळी मनापासून.

दुसऱ्या सकाळपासून आमच्या दोन खोल्यांत कारखाना सुरू झाला. भिंतीवर लॉगशीट लागली. वेळ, सिरप, घोट, ताप, शेरा असे रकाने होते. सुधाची ए शिफ्ट, म्हणजे सकाळची, आईची दुपारची बी, माझी रात्रीची सी. पेडणेकर स्वतः जनरल शिफ्टला, आठ ते पाच. पाळी बदलताना चार्ज द्यावा लागे. "डाव्या कुशीवर झोपलीये. दोनला सिरप. चार चमचे दूध गेलं," सुधा सांगे. आई "घेतला" म्हणे. लग्नानंतर नऊ वर्षांत त्या दोघी एकमेकींशी इतकं मुद्द्याचं पहिल्यांदाच बोलत होत्या.

आणि उपयोग झाला, हे मला मान्य करावं लागतं. चौथ्या दिवशी मंजूने गार दूध-भात खाल्ला. पेडणेकर शीटपुढे उभे राहून एखादा देखावा बघावा तसे बघत राहिले. त्या आनंदात त्यांनी मंजूला बढती दिली. "जो घोट घेतो त्यानेच नोंद करायची. आजपासून तू ऑपरेटर. आम्ही सगळे हेल्पर." शीट भिंतीवरून उतरून तिच्या खाटेवर आली आणि पेन्सिल तिच्या हातात गेली.

पाचव्या दिवशी तिने कान धरला.

आम्ही पुन्हा गोंधळलो. कापला घसा आणि दुखतो कान? आईने लसूण घालून तेल गरम करायला घेतलं. डॉक्टरांनी नेमकं काढलं काय, अशी मला शंका आली. पेडणेकरांनी तेलाची पळी गॅसवरून उतरवली आणि म्हणाले, "विचारून आलोय. घशाची आणि कानाची लाइन एकच आहे. गडबड खाली, अलार्म वर वाजतो." ते कितपत कळलं कोण जाणे, पण तेल राहिलं.

सहाव्या दिवशी दुपारी मंजू उठून बसेना. ओठांना भेगा पडल्या होत्या. डोळे खोल गेले होते. सुधा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती सकाळपासून बाथरूमला गेलेली नाही."

"पण पितेय की," मी म्हणालो आणि शीट दाखवली. शीट सुंदर होती. दर अर्ध्या तासाला चार घोट. पुढे "मं." अशी सही. सिरप आठला आणि दोनला, दोन्ही वेळा बरोबरची खूण. आम्ही कधी शीटकडे बघायचो, कधी पोरीकडे. दोन्हींपैकी एक खोटं होतं आणि आम्ही तिघेही शिकलेली माणसं असल्यामुळे कागदावर विश्वास ठेवत होतो.

मी केमिस्टकडून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पाणी गेलं नाही आणि लघवी झाली नाही तर घेऊन या. ऐनवेळेपर्यंत थांबू नका. भरती करून सलाइन लावू." घरी येऊन मी सुधाला हे हळू आवाजात सांगितलं, तरी मंजूने ऐकलंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सुईला इतकी घाबरत असे, की इंजेक्शनच्या दिवशी आम्ही दोघं मिळून तिला धरायचो.

पेडणेकर जेवून परत आले. त्यांनी शीट हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि पुन्हा फिरवलं.

"हे खोटं आहे."

"कशावरून?"

"चार, चार, चार, चार. खरं यंत्र कधी तीन दाखवतं, कधी साडेचार. आकडे असे सरळ रेषेत येतात ते ऑपरेटर शीट नुसता बसून भरतो तेव्हा." ते शीटवर बोट ठेवून म्हणाले, "हे सकाळीच दिसायला हवं होतं मला. मी बेरीज बघत बसलो."

मोरीत भांडी घासत असलेल्या हिराबाईने तिथूनच तोंड घातलं. ती शेजारच्या गावातून कामाला येई. "त्या खाटेजवळच्या खिडकीतल्या कुंडीला मुंग्या लागल्यात. दुधाचा वास येतो हाय. मना वाटला, तुमी झाडाला दूध पाजता. शिकलेली मानसं, काय पन करतात!"

सिरपही कुंडीतच गेलं होतं. सकाळचंही आणि दोनचंही.

आई सुरू झाली. "अगं कार्टे, इतकी माणसं तुझ्यासाठी राबतायत..." पण पेडणेकर म्हणाले, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा. वहिनी, सिरप द्या." हा माणूस हुकूम सोडताना नेहमी छाती काढायचा. या वेळी काढली नव्हती. ते खाटेजवळ फरशीवर मांडी घालून बसले. मी दाराशी ग्लास धरून उभा राहिलो. मला कोणी जा म्हणालं नाही.

"दुखतं?"

मंजूने मान हलवली.

"किती?"

तिने पाटीवर लिहिलं, "गिळताना सुरी."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

तिने पाटी पुसली. मग लिहिलं, "शीट बघून तुम्ही खूश होता."

पेडणेकरांनी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग त्यांनी शीटची घडी घालून ती बंडीच्या खिशात टाकली. "माझंच चुकलं," ते म्हणाले. "घोटांचा रकाना केला, तापाचा केला. दुखण्याचा केलाच नाही."

सिरपचा चमचा तिने कसाबसा गिळला. गिळताना तिचे पाय आखडले. सुधाने तोंड फिरवलं.

"आता अर्धा तास कोणी पाणी पी म्हणायचं नाही," पेडणेकर म्हणाले. "औषधाला चढू दे." आणि मग बोलायला दुसरं काही नसल्यासारखे म्हणाले, "माझ्या सुधीरचंही झालं होतं हे. तुझ्याएवढाच होता. तेव्हा आम्ही ठाण्याला राहायचो."

मंजूने लिहिलं, "तुम्ही काय केलं?"

"मी नव्हतो. माझा रिलीव्हर आला नाही. चालू मशीन टाकून जाता येत नाही ना. सोळा तास उभा होतो. दुसऱ्या दिवशी मीच पुन्हा. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तर त्याला घरी नेला होता."

"रडला तो?"

हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. घोगरा, कागद फाटल्यासारखा आवाज होता. सहा दिवसांतला पहिला. आईने बाहेरून "बोलली का गं?" असं विचारलं, पण आत यायचं धाडस केलं नाही.

"माहीत नाही," पेडणेकर म्हणाले.

"विचारलं नाही?"

"राहून गेलं."

"विचारा की."

"अगं, आता तो सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला काय विचारायचं?"

"रडला का ते."

यावर पेडणेकरांकडे रीडिंग नव्हतं. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. अर्धा तास झाला तसा त्यांनी मला आणखी एक ग्लास आणायला सांगितला. दोन्हींत गार पाणी ओतलं. एक तिच्या हातात, एक स्वतःच्या. त्यांच्या दाढा किडलेल्या होत्या आणि गार पाण्याच्या वाटेला ते कधी जात नसत. मंजूने एक घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. त्यांनीही घेतला आणि तिच्यापेक्षा जास्त वेडंवाकडं केलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग दुसरा. मोजत कोणीच नव्हतं. चार वाजेपर्यंत तिचा अर्धा ग्लास संपला होता आणि पेडणेकर गाल धरून बसले होते. पाच वाजेपर्यंत दीड ग्लास आणि वाटीभर आइस्क्रीम गेलं.

सहाला मंजू सुधाचा हात धरून बाथरूमला गेली. त्या बातमीने आमच्या घरात जो आनंद झाला, तो तिच्या पुढच्या कुठल्याही पहिल्या नंबराने झाला नाही. आईने देवापुढे साखर ठेवली. मी डॉक्टरांना फोन करायला धावलो. पेडणेकरांची पाळी पाचला संपली होती, पण ते बसूनच होते.

पुढे सगळं सरळ झालं. सिरप वेळेवर, पाणी सिरपनंतर अर्ध्या तासाने. दुखतं का हे तिलाच विचारायचं आणि ती सांगेल ते ऐकायचं. दहाव्या दिवशी ती जिन्यात ओरडताना ऐकू आली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी पेडणेकर दारात आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. "मराठे, जरा चला बरोबर. ट्रंक कॉल लावायचाय. ऐकू नाही आलं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ऐकू त्यांना उत्तम येत असे.

टेलिफोन ऑफिसात तासभर बसलो. नागपूर लागलं तेव्हा ते बूथमध्ये शिरले. त्या काळी ट्रंक कॉलवर बोलणारा माणूस सगळ्या ऑफिसला ऐकू येई. "सुधीर? मी बाबा. नाही, नाही, तब्येत ठीक आहे. सगळं ठीक आहे. तुला एक विचारायचं होतं. तुझे टॉन्सिल काढले तेव्हा... टॉन्सिल! टॉ-न्सि-ल!" रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. "तेव्हा फार दुखलं का रे?" मग ते रिसीव्हर कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले. पाठमोरे होते, त्यामुळे मला काही कळेना. शेवटी एकदा "हो" एवढंच ऐकू आलं. मग ते बाहेर आले आणि माझी वाट न बघता चालायला लागले.

रस्त्यावर मी त्यांना गाठलं. "काय म्हणाला सुधीर?"

"त्याला सगळं आठवतंय."

"अरे वा."

"तो म्हणतो, मी तिथे होतो." ते थांबले. "मी त्याच्या खाटेजवळ स्टुलावर बसलो होतो म्हणतो. रुमालात बर्फ बांधून आणला होता, म्हणतो."

"मग?"

"अहो, तो त्याचा मामा. बर्फ मामाने आणला. मी प्लँटवर होतो. दोन्ही दिवसांच्या रजिस्टरला माझी सही आहे." या भानगडीचा खुलासा मला माहीत असावा अशा नजरेने ते माझ्याकडे बघत होते.

"मग तुम्ही सांगितलंत त्याला?"

"सांगणारच होतो. तर तो म्हणाला, रात्रभर तुम्ही कपाळावर हात ठेवला होता, बाबा. तुमचा हात गार होता." ते थोडं थांबले. "मग मी हो म्हटलं."

समोरून एक भाजीची हातगाडी गेली, तिला वाट देऊन मी बाजूला झालो आणि वळून पाहिलं. मे महिन्याच्या उन्हात उभे राहून पेडणेकर आपला उजवा तळवा स्वतःच्या कपाळाला लावून बघत होते.